गावात आत्या असताना

गावात आत्या असताना लॉजमध्ये उतरणं हा आमच्याकडं केवढा गुन्हा आहे, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आत्याकडं न कळवता जा, चार माणसं जास्त घेऊन जा, आठाचे पंधरा दिवस राहा, निघताना तिची नवी छत्री घेऊन जा, सगळं चालतं. पण तिचं घर सोडून परक्याच्या खोलीत उतरलात, तर तिनं जन्मभर तुमचं तोंड बघू नये, आणि बघायचं म्हटलं तर पेठेनं तिला बघू देऊ नये. हा गुन्हा मी केला. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. चुकून नाही, ठरवून केला.

अकरावीच्या वर्गात बसायच्या आधीच माझं लग्न झालं. तेव्हा अकरावीला मॅट्रिक असायची. सासर गारगोटीजवळचं, शेतीवाडीचं. नवरा गारगोटीत एका कचेरीत कारकून. माणूस गरीब स्वभावाचा, बापापुढं मान वर न करणारा. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की होती: बायको मॅट्रिक झाली पाहिजे. मॅट्रिक झालं की मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता येतं, आणि ट्रेनिंग झालं की नोकरी. त्यानं बापाच्या हातापाया पडून सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून परीक्षा. केंद्र मिळालं कोल्हापूर.

पहिल्या वर्षी मी रीतीप्रमाणे मंगळवार पेठेत आत्याकडं उतरले. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, माझी आत्यासासू. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी, आणि मायेची. खोटं कशाला बोलू? तिनं मला रोज सायीचं दही वाढलं, डोक्याला तेल लावलं. पण परीक्षा होती मार्चात. मार्चचं ऊन पडलं की आत्याच्या घरी गहू भिजत पडायचे, चीक निघायचा, आणि गच्चीभर कुरडया, सांडगे, पापड. मी पुस्तक उघडलं की खालून हाक यायची, "पोरी, पाच मिनटं हात लाव की!" आत्याची पाच मिनिटं म्हणजे सूर्य माथ्यावर येईपर्यंत. सोऱ्या दाबून दाबून माझ्या तळहाताला फोड आले आणि पेन धरवेना. मी गणितात गेले. आणि एका विषयात गेलं म्हणजे सगळ्यातच गेलं, असं आमच्या घरात मानत.

सासऱ्यांनी निकालाचा कागद बघितला आणि सांगितलं, "आणि एकदा बस. या खेपंला उडालीस तर पुस्तकं बंबात." सासरे बोलले म्हणजे घालणार. आमचा बंब सकाळी काय मिळेल त्यावर पेटायचा. पण पुढं दोन वर्षं या ना त्या निमित्तानं फॉर्म भरायची परवानगी मिळाली नाही. मिळाली तेव्हा नवऱ्यानं आणि मी शेतातल्या बांधावर बसून ठरवलं, या वेळी आत्याकडं जायचं नाही. घरी मात्र त्यानं सांगितलं, "आत्याकडंच उतरवतो." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, कान लाल झाले त्याचे. सासरे तंबाखू मळत होते म्हणून बरं.

आम्ही एसटीतून उतरलो. हातात एक ट्रंक, एक भाकरीची चवड बांधलेलं फडकं. मार्चअखेर म्हणून त्याला कचेरीतनं एकाच दिवसाची रजा मिळालेली, म्हणजे संध्याकाळच्या गाडीच्या आत खोली बघायची आणि मला ठेवून परत जायचं.

स्टँडजवळच्या पहिल्या लॉजवर गल्ल्यावरच्या माणसानं आधी माझ्या गळ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, मग परत माझ्या गळ्याकडं. मंगळसूत्र खरं आहे का पितळेचं, हेच बघत असावा. "पावणं, तुमी ऱ्हाणार नसाल तर बाईमाणूस हितं जमायचं न्हाई." दुसऱ्या ठिकाणी जमणार होतं. मी सरळ गादीचं टोक उचललं. खाली ढेकणांची जत्रा. मालक म्हणाला, "शिजनला असत्यात थोडी." मी म्हटलं, "थोडी नव्हंत, सगळी खटल्यासकट आल्यात की!" नवऱ्यानं मला हाताला धरून बाहेर आणलं. तिसरी खोली स्वच्छ होती, पण खाली चहाचं दुकान आणि दुकानात रेडिओ. तिथं गणित सुटणार नाही, गाणी मात्र पाठ होतील. दुपार झाली. तो दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "जाऊया का आत्याकडं?" मी एकदाच असं बघितलं की परत त्यानं विचारलं नाही.

शाहूपुरीत गुळाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत एका घरावर पाटी दिसली. खडूनं लिहिलेली. *खोली मिळेल. सकाळी चहा-नाश्ता मिळेल. दुपारी, रात्री जेवण मिळणार नाही. विचारू नये.* मला ती पाटी वाचूनच ते घर आवडलं. जे मिळणार नाही तेही आधीच सांगणारी माणसं मला आवडतात.

मालकीणबाई पन्नाशीच्या, विधवा. नवरा गुळाच्या बाजारात मापाडी होता, तो गेल्यावर त्यांनी वरच्या तीन खोल्या व्यापाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. माणसं कोकणातून, कुठून कुठून गुळाला यायची, सकाळी खाऊन सौद्याला जायची ती दिवेलागणीलाच परत. म्हणजे दिवसभर वरचा मजला चिडीचूप. मी खोली बघितली. खिडकी, खाट, एक पाटाएवढं टेबल, आणि सगळीकडं गुळाचा वास. गादी उचलून बघितली. काही नाही. बाई दारात उभ्या राहून माझं गादी उचलणं बघत होत्या.

"दोघं ऱ्हाणार?"

"मी जातो. ही दहा दिवस ऱ्हाईल," नवरा म्हणाला.

"एकटी बाई मी ठेवत न्हाई." विषय संपला, अशा आवाजात.

"मावशी, परीक्षा हाय तिची. मॅट्रिकची."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "लग्न झालेल्या बाईला मॅट्रिक कशाला गं?"

फडक्यातली भाकरी सोडायला सवड नाही म्हणून सकाळपासून उपाशी, तीन लॉज पालथे घातलेले, पाय दुखत होते. मी म्हणाले, "यास्नी कुणी इचारलं न्हाई, तुमी मॅट्रिक कशाला झाला म्हणून. मलाच का?"

नवऱ्यानं डोळे मिटले. आता ट्रंक उचलून चालू पडायचं, हे आम्हा दोघांनाही कळलं. पण बाई खो खो हसल्या. "जीभ तिखट हाय की! हिला नाश्त्याला ठेचा नको वाढाया." मग गंभीर झाल्या. "हे बघ, एकटी बाई ठेवली तर गल्ली मला बोलती. माझी भाची म्हणून ऱ्हा. कुणीबी इचारलं, तर भाची. जमतंय का?"

"जमतंय," मी म्हटलं. नवरा संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना कोपऱ्यावरनं परत मागं आला आणि म्हणाला, "भ्यायचं न्हाई." आवाज त्याचाच कापत होता.

त्या घरची सकाळ मला अजून आठवते. साडेसातला स्वयंपाकघरात पाट मांडलेले असायचे. एक दिवस पोहे, एक दिवस उप्पीट, एक दिवस थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. गुळाचा चहा. पाटावर कोण कुठला, याला महत्त्व नव्हतं. रत्नागिरीकडचे एक म्हातारे व्यापारी माझ्या शेजारी बसायचे. ते एकच वाक्य बोलायचे, "आज कोणता पेपर?" मी विषय सांगितला की मान हलवायचे आणि खाली बघून खायचे. माझ्या आयुष्यात कुणी मला रोज उठून हे विचारलेलं नव्हतं. मी खोलीत जाऊन दार लावलं, की ते दार कुणी वाजवत नव्हतं. तोवर मी कधी बंद दाराच्या आत एकटी बसलेच नव्हते. पहिल्या दिवशी तर मला रडूच आलं, आणि ते सुखाचं होतं का भीतीचं, ते अजूनही सांगता येत नाही.

जेवण मिळणार नव्हतं, तरी दुसऱ्याच संध्याकाळी दाराशी ताट आलं. "भाची उपाशी निजली तर गल्ली मला काय म्हणंल?" बाई म्हणाल्या. मग रोजच आलं.

घात केला तो माझ्या तोंडानं. सकाळी दूध घालायला एक बाई यायची. गल्लीतलं पहिलं घर ते शेवटचं घर, सगळ्यांची खबर तिच्या किटलीत. चौथ्या दिवशी तिनं मला पकडलं. "भाची व्हय? सख्ख्या भणीची? कुठली म्हणायची तुमी?" आता आमच्याकडं माणसाला नाव विचारत नाहीत, पै-पाहुणे विचारतात. आणि पै-पाहुणे विचारले की आपली माणसं किती मोठी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती असं बघत होती, जशी काही मी कुणीच नसलेली, वाऱ्यावर आलेली बाई. माझा पापड मोडला. मी सासरचं गाव सांगितलं, माहेर सांगितलं, मामाची शेती सांगितली, आणि वर मान करून म्हणाले, "माझी आत्यासासू हितंच, मंगळवार पेठंत ऱ्हाती. तालमीच्या समोर घर हाय. मोठं घर हाय त्येंचं."

"आँ? त्येंच्यात तर माझा रतीब हाय," ती म्हणाली आणि किटली उचलून गेली.

मी तशीच स्वयंपाकघरात धावले. मालकीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं शहाणे! तुझी आत्यासासू मंगळवारात, आणि मावशीकडं ऱ्हातीस व्हय शाहूपुरीत? तू गणितात का उडालीस, ते कळलं मला."

गणित दोन दिवसांवर होतं. ते दोन दिवस मी जिन्यावर पाय वाजला की दचकत होते.

गणिताच्या दिवशी, पेपर अकराला. आठ वाजता आम्ही पोह्यांना बसलेलो. आणि बाहेरनं आवाज आला. "कुठं हाय ती?" रत्नागिरीच्या म्हाताऱ्यांनी आपली बशी उचलली आणि परसात निघून गेले. शहाणा माणूस.

आत्या आत आली. नऊवारीचा कासोटा घट्ट, कपाळावर कुंकू, डोळे लाल. "मी मेलो व्हय गं?" (आमच्याकडच्या बायका 'मेलो, गेलो'च म्हणतात; पुण्याकडच्यांनी दचकू नये.) "सांग की! गावात सख्खी आत्या जित्ती, आणि सून लॉजात! दूधवालीनं मला सांगावं? सगळ्या आळीम्होरं? उठ. उचल ट्रंक. आत्ताच्या आत्ता घरला."

माझ्या हातात पोह्यांचा घास. तोंडात घालवेना आणि टाकवेना. घरी गेले की पेपर गेला, हे मला माहीत होतं. आत्या डांबून ठेवणार नव्हती. पण रडारड होणार, शेजारपाजार गोळा होणार, गावाकडं निरोप जाणार, आणि सगळं निस्तरेपर्यंत अकरा वाजून गेलेले असणार. मग पुस्तकं बंबात.

मालकीणबाई चुलीपुढनं उठल्यासुद्धा नाहीत. "ताटावरनं माणूस उठवू नये, आक्का. खाऊ दे तिला. तुमीबी टेका."

"तुमच्या लॉजातलं मी पाणीबी पिणार न्हाई!"

"नका पिऊ. पण मंगळवारातली एवढी जुनी बाई माझ्या चुलीपर्यंत आली आणि कोरड्या तोंडानं गेली, म्हणजे गल्ली शेण घालंल की माझ्या तोंडात. घोटभर च्या तरी घ्या. माझी शपथ हाय तुमाला."

शपथ घातल्यावर आत्यासारख्या बाईचं काय चालणार? जिनं स्वतः आयुष्यभर दुसऱ्याला शपथा घालून जेवायला वाढलं, तिला ही मोडता येणार होती का? ती पाटाच्या कडेवर बसली, नुसती टेकल्यासारखी. चहा आला. चहाबरोबर पोहे आले. "एवढंसं." मग तव्यावर थालीपीठ पडलं. "हे तर खाल्लंच पाहिजे, तुमच्या हातासारखं न्हाई झालं." यावर आत्यानं तुकडा मोडला आणि म्हणाली, "धनं कमी पडल्यात." झालं! दुसरं थालीपीठ धने घालून तव्यावर पडलं. आणि बाईंनी माझ्याकडं बघून डोळ्यांनी दार दाखवलं.

मागल्या दारानं गुपचूप जाता आलं असतं. पण मला ते जमलं नाही. मी हात धुतला, आत्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, आज गणिताचा पेपर हाय. मागल्या खेपंला तुमच्या कुरडया वाळवून मी उडालो. आज मी जाणार."

आत्याचा हात ताटातच थांबला. तिचा चेहरा एकदम पडला. परीक्षेला जाताना मोठ्यांच्या पाया पडायचं असतं. मी पडले नाही. निघाले. रस्ताभर मला तिचा रागही येत होता आणि तिची कीवही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी येतं, तेव्हा माणूस फार लवकर चालतो. अर्धा तास आधीच पोचले.

पेपर सोडवला. कसा सोडवला, ते सांगण्यासारखं काही नाही. येत होतं तेवढं लिहिलं, आणि या वेळी येत होतं.

बाहेर आले तर फाटकापाशी, लिंबाच्या सावलीत आत्या बसलेली. हातात पितळेचा तांब्या. त्यात ताक. किती वेळ बसली होती कोण जाणे.

"झालं?"

"झालं."

"पी." मी ताक प्याले. मग ती म्हणाली, "मला सांगायचं तरी हुतंस, पोरी."

"सांगितलं असतं, तर काय झालं असतं आत्या?"

तिनं बराच विचार केला. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. "मार्चात कुरडया असत्यातच," ती शेवटी म्हणाली. "मी तरी काय करू?"

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "भावाला सांगतो मी, माझ्याकडंच हुती म्हणून. ऱ्हायलेलं पेपर शाहूपुरीतनंच दे. त्या बाईनं समदं सांगितलं मला. एकटी बाई ठेवत न्हाई म्हणं ती. तरी ठेवली तुला." एवढं बोलून ती उठली आणि चालू लागली. सासऱ्यांना तिनं खरोखरच तसं सांगितलं, आणि त्यांना मरेपर्यंत खरं कळलं नाही. पण त्यानंतर आत्या आमच्याकडं कधी मुक्कामाला राहिली नाही. यायची, जेवायची, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. कितीही आग्रह केला तरी म्हणायची, "नको. ज्याचं त्याचं घर बरं." मला ते लागायचं. लागावं म्हणूनच ती बोलायची.

मी पास झाले. गणितात बेचाळीस. ट्रेनिंग झालं, नोकरी लागली, आणि चार-पाच बदल्या फिरून शेवटी कोल्हापुरातच शाळा मिळाली. नवऱ्याचीही बदली झाली. आम्ही तीन खोल्यांचं घर घेतलं, माझ्या नावावर. मालकीणबाईंना पेढे द्यायला गेले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाचीनं नाव काढलं." पुढं त्या लेकीकडं राहायला गेल्या.

आणि मग, पंच्याऐंशीच्या पुढचं कुठलंसं वर्ष असेल, एका रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. मी उघडलं. आत्या. अंग उतरलेलं, हातात एक ट्रंक. यजमान जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. दोन्ही लेकांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती आणि आईला महिन्या-महिन्यानं वाटून घेतलं होतं. हे सगळं आमच्या कानावर आलेलं. तिनं मात्र कधी शब्द काढला नव्हता.

ती आत येईना. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आणि हसल्यासारखं करून म्हणाली, "पावणं, एकटी बाई ठेवता का? सकाळचा च्या-नाश्ता मिळाला तरी बास हाय."

घरात सासरे नव्हते, नवरा अजून झोपलेला. आणि त्याला उठवून विचारायची मला गरजच नव्हती, हे त्या दारात उभं राहून मला लख्ख कळलं. मॅट्रिकचा कागद कशासाठी मिळवला होता, तेही कळलं. मी म्हणाले, "ठेवतो. पण आत्या म्हणून ऱ्हायचं. भाची म्हणून न्हाई." तिची ट्रंक उचलली आणि आत नेली. मग ती रडली, आणि रडता रडता तिनं विचारलं, "थालीपिठात धनं घालतीस न्हवं?"

आत्या मरेपर्यंत आमच्याकडं राहिली. दुसऱ्या मार्चात माझ्या मुलीची दहावी होती. आत्यानं गहू भिजत घातलेच, ते काही सुटणार नव्हतं. मी शाळेतनं दुपारी आले, तर गच्चीवर ती सत्तरीची बाई एकटीच सोऱ्या दाबत बसलेली, घामानं चिंब. मी चिडले. म्हटलं, "अहो, तिला तरी हाक मारायची. पाच मिनटं हात लावला असता."

आत्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि खालच्या बंद दाराकडं मान केली.

"हळू बोल," ती म्हणाली. "गणित हाय तिचं."